जुन्या मोटरसायकलची ‘व्हिंटेज’ नोंदणी: कोणाला मिळते, काय लागतं, कुठे अडतं

जुनी बुलेट किंवा जावा हाती आली की आधी हात जातो पान्याकडे. तो आवरा आणि आधी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) शोधा. गाडी कितीही चकचकीत केली तरी कागदावरचा चेसिस नंबर लोखंडावरच्या नंबराशी जुळला नाही, तर आरटीओत तिचं पुढे काहीच होत नाही. रिस्टोरेशनवर भरपूर पैसा ओतून शेवटी गाडी दिवाणखान्यात उभी करून ठेवलेली मंडळी काही कमी नाहीत.

जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत दुरुस्ती झाली आणि व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र पद्धत आली. तोवर देशभर त्यासाठी एकसारखा नियम नव्हता. सर्व दुचाकी (नियमाच्या भाषेत एल1 आणि एल2 वर्ग) आणि खासगी मोटारी (एम1) यात येतात.

वयाची अट सरळ आहे. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून 50 वर्षं उलटलेली हवीत. वय मॉडेलवरून मोजायचं नाही, तुमच्या गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून मोजायचं. 1960च्या दशकातली म्हैसूरची जावा 250 किंवा सुरुवातीच्या काळातली राजदूत 175 आरामात बसते. राजदूत 350 भारतात आली 1983 साली, म्हणजे तिची सर्वांत जुनी गाडीसुद्धा 2033 पर्यंत बाहेरच. यामाहा आरएक्स 100 आली 1985 मध्ये. तिला 2035 उजाडेल. बाजारात तिला लोक ‘व्हिंटेज’ म्हणून विकतात ते सोडा, आरटीओला त्याच्याशी देणंघेणं नाही.

दुसरी अट खरी अवघड. गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. रिंग-पिस्टन बदलणं, बेअरिंगं घालणं, वायरिंग नव्याने करणं, मूळ छटेत रंग देणं ही देखभाल झाली. पण फ्रेम मागून कापून बॉबर (आखूड शेपटीची, उघडीबोडकी गाडी) केलेली किंवा कधीकाळी डिझेल इंजिन बसवलेली बुलेट घेऊन व्हिंटेजचा अर्ज करायला जाऊ नका. एक काळ असा होता की मायलेजसाठी बुलेटला डिझेल इंजिन सर्रास लावलं जायचं, त्यामुळे जुनी बुलेट घेताना हे बघायलाच हवं. दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन बसवलेलं असेल आणि त्याची आरसीवर नोंद नसेल, तर तोही घोळच.

आता नंबर. बहुतेक जुन्या मोटरसायकलींवर चेसिस नंबर स्टिअरिंगच्या गळ्यावर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर. वर रंगाचे तीन-चार थर आणि त्याखाली गंज. पेंट रिमूव्हर लावून मऊ ब्रशने साफ करा. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग त्या जागेजवळ फिरकू देऊ नका. नंबर दिसू लागला की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उमटतात, यालाच चेसिस प्रिंट म्हणतात आणि अर्जासोबत ती बहुधा मागतातच. फ्रेम पावडर कोटिंगला देणार असाल तर आधी या प्रिंट आणि जवळून काढलेले फोटो घरात ठेवा, कारण जाड कोटिंगखाली आकडे बुजतात. पुसट झालेला नंबर मेकॅनिककडून ‘परत पंच’ करून घेण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो अजिबात ऐकू नका. परवानगीशिवाय नंबर ठोकणं म्हणजे गाडी चोरीची ठरवून घेणं.

व्हिंटेजचा अर्ज परिवहन पोर्टलवरून फॉर्म 20 भरून करायचा. सोबत चालू विमा, शुल्क आणि भारतात आधी नोंदलेली गाडी असेल तर जुनी आरसी. गाडी परदेशातून आणलेली असेल तर सीमाशुल्क खात्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद. यादी छोटी दिसते, पण ‘जुनी आरसी’ या दोन शब्दांतच सगळी मेख आहे.

आरसी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतरण. त्याला फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा. गाडी विकत घेतली असेल तर फॉर्म 29 आणि 30. विकणाऱ्याची सही आरसीवरच्या मालकाचीच हवी. चार हात फिरलेल्या गाडीत इथेच साखळी तुटते, म्हणून व्यवहाराआधीच मूळ मालक किंवा त्याचे वारस गाठा. आरसी हरवली असेल तर पोलिसांकडे तक्रार आणि फॉर्म 26 भरून दुय्यम प्रत. जुन्या नोंदी हाती लिहिलेल्या रजिस्टरात असतात. तुमचा नंबर संगणकावर दिसत नसेल तर ज्या कार्यालयात मूळ नोंदणी झाली तिथे बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. हे काम चिकाटीचं. ‘सर्व्हरवर नाही’ म्हणजे ‘रेकॉर्डच नाही’ असं समजून परत फिरू नका. रजिस्टर पाहण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

राज्याची समिती गाडी तपासते आणि ती व्हिंटेज म्हणून पात्र आहे की नाही ते ठरवते. मंजुरी मिळाली की फॉर्म 23ए मध्ये नोंदणी प्रमाणपत्र. त्यासाठी नियमात 60 दिवसांची मुदत आहे. नव्या नोंदणीचं शुल्क ₹20,000, मुदत 10 वर्षं आणि पुढच्या पुनर्नोंदणीला ₹5,000. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. शौकिनांना यातलं हेच सर्वांत आवडतं, कारण जुन्या गाडीवर जुना तीन अक्षरी नंबरच शोभतो. नव्याने नोंदणी झाली तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, मग दोन अक्षरांची मालिका आणि 0001 ते 9999 मधला आकडा.

मात्र ₹20,000 भरण्याआधी विचार करा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, तिथली ये-जा, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रविवारी सकाळी मित्रांबरोबर सहज चक्कर मारायची असेल तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत.

ही नोंदणी सक्तीचीही नाही. 50 वर्षांवरची गाडीसुद्धा साध्या नूतनीकरणावर चालवता येते. खासगी दुचाकीची नोंदणी पहिली 15 वर्षं आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून वाढवतात. गाडी आरटीओत दाखवावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवेत. 20 वर्षांवरच्या मोटरसायकलला ऑगस्ट 2025 पासून नूतनीकरणाचं शुल्क ₹2,000 आहे. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून गेली असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं जादा शुल्क लागतं, तेव्हा गाडी विकत घेण्याआधीच हा आकडा कार्यालयातून काढून घ्या आणि तो किमतीतून वजा करायला लावा. राजदूत 350 आणि आरएक्स 100 वाल्यांना तर सध्या हाच रस्ता.