गाउदेते रविवार

ख्रिस्ती उपासनावर्षातील आगमनकाळाचा तिसरा रविवार. तो दरवर्षी ११ ते १७ डिसेंबरच्या दरम्यान येतो. ‘गाउदेते’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘आनंद करा’. त्या दिवसाच्या मिस्साचे (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचे) प्रवेशगीत याच शब्दाने सुरू होते. ते बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातून (४:४) घेतलेले आहे : ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले. या दिवसाचा आनंद कोणत्या जातीचा आहे, हे तिथेच कळते.

आगमनकाळ म्हणजे नाताळापूर्वीचे चार रविवार आणि त्यांमधले दिवस. एकूण २२ ते २८. पाचव्या शतकात गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) तूर येथील बिशप पर्पेतुअस याने संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास नेमून दिला होता. पश्चात्तापाची ती छटा आजही आहे : धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात आणि रविवारच्या मिस्सात ‘परमोच्च स्वर्गी देवाला गौरव’ हे गीत गात नाहीत. ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष मात्र थांबत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तेही बंद असते, त्यामुळे हा फरक लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. आगमनकाळ गंभीर आहे, पण शोकाचा नाही. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालता येतात आणि वेदी फुलांनी सजते. उपवासकाळातला चौथा रविवार, ‘लेतारे’, हे याचेच भावंड.

कॅथलिक चर्चच्या १९६९ च्या त्रैवार्षिक पाठक्रमात, म्हणजे तीन वर्षांच्या बायबलवाचनांच्या क्रमात, या दिवसासाठी निवडलेली वाचने विलक्षण आहेत. पहिल्या वर्षी यशया ३५ मधले फुललेले अरण्य वाचतात आणि त्याच उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातला (११:२-११) तुरुंगातला बाप्तिस्मा करणारा योहान. ज्याने येशूची वाट तयार केली, तोच आता शिष्यांकरवी विचारतो : येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आनंदाच्या रविवारी हा प्रश्न भर उपासनेत वाचला जातो. येशू त्याला दटावत नाही. आंधळे पाहू लागले, पांगळे चालू लागले, हे त्याला जाऊन सांगा, म्हणतो. श्रद्धेत शंकेलाही जागा आहे, हे इतक्या थेटपणे क्वचितच कुठे मांडले गेले असेल.

दुसऱ्या वर्षी प्रतिसादस्तोत्राच्या, म्हणजे पहिल्या वाचनानंतरच्या स्तोत्राच्या, जागी येशूची आई मरिया हिच्या गीतातल्या (लूक १:४६-५५) काही ओळी येतात. स्तुती आणि श्रद्धा यांचे नाते पाहायचे तर या गीताची क्रियापदे पाहावीत. त्याने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना तृप्त केले : सारी भूतकाळातली. प्रत्यक्षात मूल अजून जन्मलेले नाही, आणि यहूदियाचा राजा हेरोद राजासनावरच आहे. जे व्हायचे आहे ते झालेच, असे धरून मरिया गाते. त्याच अध्यायात योहानाचा बाप जखऱ्या याची कथा आहे. म्हातारपणी मुलगा होईल या देवदूताच्या शब्दावर विश्वास न ठेवल्यामुळे त्याची वाचा जाते. मुलाच्या नावाचा वाद निघतो तेव्हा तो पाटी मागवून ‘याचे नाव योहान आहे’ असे लिहितो, त्याची जीभ मोकळी होते, आणि तोंडातून पहिली निघते ती देवाची स्तुती.

घरोघरी आणि चर्चमध्ये हा रविवार ओळखू येतो तो मेणबत्त्यांच्या आगमन-चक्रावरून. हॅम्बुर्गमधील लूथरन धर्मोपदेशक योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी, नाताळ किती दिवसांवर आला हे त्यांना मोजता यावे म्हणून, एका गाडीच्या चाकावर रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून चोवीस. पुढे चक्र चार मेणबत्त्यांवर आले. आता तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशी रचना अनेक ठिकाणी दिसते. गुलाबी मेणबत्ती या रविवारी पेटते. शेवटची जांभळी अजून कोरीच असते.