आमवाताचे ज्येष्ठ रुग्ण आणि त्यांचे दात : पार्श्वभूमी

विसाव्या शतकाची पहिली तीस-पस्तीस वर्षं आमवाताच्या रुग्णाला एक सल्ला हमखास मिळे: दात काढून टाका. (आमवात म्हणजे इथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, झिजेमुळे होणारी सांधेदुखी वेगळी.) दातांच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये जंतू घर करून बसतात आणि तिथून त्यांचं विष रक्तावाटे सांध्यांत पोचतं, अशी धारणा होती. ‘फोकल इन्फेक्शन’ हे तिचं नाव. किडलेले दात गेलेच, धडधाकट दिसणारेही गेले. सांध्यांचं दुखणं थांबलं नाही, तर उरलेल्या दातांवर संशय.

१९३८ मध्ये अमेरिकेत २०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. दात किंवा टॉन्सिल काढून आमवात हटत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तो मांडणाऱ्यांतला एक जण पूर्वी ‘फोकल इन्फेक्शन’च्या मताचा पुरस्कर्ता होता, त्यामुळे या निष्कर्षाला वजन आलं. हळूहळू ही पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झालं. पण तोंडामुळे सांधे बिघडत नाहीत असं ठरल्यावर सांध्यांच्या आजारामुळे तोंडाचं काय होतं, हा प्रश्नही बाजूला पडला. माझ्या मते मोठं नुकसान इथे झालं.

खरं तर खूण आधीच मिळाली होती. १९३३ मध्ये एका स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या १३ जणींना सांध्यांचा जुना आजार होता. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं. लाळ आटली की हिरड्या खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते, बुरशी धरते, कवळी टाळूला चिकटत नाही. उतारवयात रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या त्यात भर घालतात.

पुढे औषधांनी नवे प्रश्न आणले. मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं, तर तोंडातले फोड हा धोक्याचा इशारा असू शकतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट औषधांमुळे काहींच्या जबड्याचं हाड मृत होतं, असे अहवाल २००३ पासून येऊ लागले. एके काळी सर्रास काढला जाणारा दात आता काढण्याआधी औषधांची यादी विचारावी लागते.

जुना प्रश्नही नव्या रूपात परतला आहे. हिरड्यांच्या आजारातला एक जंतू प्रथिनांत असा बदल घडवतो, की शरीर त्यांना परकं समजू शकतं. आमवाताच्या रक्ततपासणीत शोधतात त्या प्रतिपिंडांचं (अँटीबॉडींचं) लक्ष्य अशीच बदललेली प्रथिनं असतात. नातं दिसतं, पण हा जंतूच आजार सुरू करतो हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून हिरड्यांवरचे उपचार हिरड्यांसाठीच करावेत. सांधे सुधारतील असं वचन देऊन पुन्हा कुणाला खुर्चीत बसवू नये.

या सगळ्या चर्चेत हातांकडे फार कमी लक्ष गेलं. सकाळी बोटं आखडलेली असतात, तेव्हा ब्रशची बारीक दांडी मुठीत ठरत नाही, पेस्टची ट्यूब दाबली जात नाही, कवळीची तार नखाने उचलता येत नाही. जबड्याचा सांधाही सुजलेला असेल, तर मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचेल एवढं तोंडच उघडत नाही. दांडीवर रबरी नळी चढवून ती जाड करणं, बोटं सैल झाल्यावर दुपारी दात घासणं, हे उपाय साधे आहेत. ते सांगायचे तर आधी रुग्णाला दात कसे घासता हे विचारावं लागतं.