स्पीती खोऱ्यातील प्रवास

हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पीती जिल्ह्यातील स्पीती नदीचे उंच, कोरडे खोरे. मुख्य गाव काझा सुमारे ३,७०० मीटरवर, कळसूबाईच्या (१,६४६ मी.) दुपटीहून उंच.

रस्ते दोन. मनालीहून अटल बोगदा, बातल आणि कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मी.) या वाटेने काझा जेमतेम २०० किमी, पण खिंड साधारण जून ते ऑक्टोबर एवढीच उघडी. शिमला-किन्नौरचा रस्ता ४०० किमीहून लांब, मात्र दरडी वगळता बहुधा वर्षभर चालू. मोजक्या सुट्टीत लोक मनालीकडून निघतात आणि पहिली रात्र डोके धरून काढतात, कारण २,००० मीटरवरून निघालेल्या शरीराला एका दिवसात एवढी उंची झेपत नाही. २०२० मध्ये बोगदा झाल्यापासून ही घाई आणखी सोपी झाली आहे. जावे किन्नौरकडून, परतावे कुंझुममार्गे. मुक्काम कल्पा (सुमारे २,९०० मी.), ताबो (३,२८० मी.), मग काझात किमान दोन रात्री. ‘की’ गोंपा (बौद्ध मठ, ४,१६६ मी.), हिक्किम, लांग्झा ही वरची गावे दिवसा पाहून झोपायला खाली यावे. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता उतरावे. उंचीच्या त्रासावरचे औषध अ‍ॅसिटाझोलामाइड घ्यायचे का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

बातलकडील रस्त्यावरचे ओढे सकाळी लवकर ओलांडावेत. उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते. काझात पेट्रोल पूर्ण भरावे, रोख रक्कम जवळ ठेवावी.

ताबोचा मठ इ.स. ९९६ चा. बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती. आत मात्र भित्तिचित्रे आणि भिंतींतून पुढे आलेल्या जवळपास माणसाएवढ्या मूर्ती. आत छायाचित्रणाला बंदी आहे. उजेड फार थोडा, म्हणून दारातच थांबून डोळे सरावू द्यावेत. घाईने फिरलेल्यांना इथे काहीच दिसत नाही.

जुन्या घरांत शौचकूप कोरडा असतो: मातीच्या जमिनीत भोक, खाली बंद कोठी. वापरल्यावर फावड्याने माती टाकायची. पाणी ओतायचे नाही, कागद-प्लास्टिक तर मुळीच नाही. हिवाळ्यात पाणी गोठते आणि कोठीतले खत पुढे सातू-वाटाण्याच्या शेतात जाते.