ड जीवनसत्त्वाची पूरके

ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढण्यासाठी घ्यायच्या गोळ्या, कॅप्सूल, थेंब किंवा दुधात मिसळायच्या पुड्या. बहुतेकांत कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे डी३, असते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात उन्हातून फुकट मिळणाऱ्या जीवनसत्त्वासाठी औषध घ्यावे लागते, याचे बाहेरच्यांना हसू येते. पण त्याच उन्हाला भिऊन नागपूरकर दुपारभर कूलरसमोर असतो. गाडी काढलीच तर तोंडाला दुपट्टा नि हातात मोजे. खिडकीतले ऊनही कामाचे नाही, कारण लागणारे अतिनील-ब किरण काचेतून आत येत नाहीत.

प्रौढाची रोजची गरज ६०० एककांची (वेष्टनावर ‘आययू’; १५ मायक्रोग्रॅम). स्वतःच्या मनाने रोज ४,००० एककांच्या वर जाऊ नये. धंतोली-रामदासपेठेतल्या औषध दुकानांत सर्रास मिळणारी कॅप्सूल मात्र ६०,००० एककांची, म्हणजे शंभर दिवसांची गरज एका घोटात. ती आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायची. त्यापुढे काय, ते डॉक्टर ठरवतात. घोटाळा होतो तो इथेच. चार कॅप्सूलची स्ट्रिप बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात पडते, आजोबा रोज सकाळी एक घेतात आणि महिन्याचे औषध चार दिवसांत संपते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करणे हा साधा उपाय.

हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून जेवणानंतर घेतलेले बरे (तर्री-पोह्यांवरही चालते). जास्तीचे लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठते. अतिमात्रेने रक्तात कॅल्शियम वाढते: मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपण, पुढे मूत्रपिंडाला इजा. उन्हाळ्यात ही तहान उन्हाच्या खात्यावर जमा होते आणि खरे कारण लपते. औषध थांबवल्यावरही परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. रक्तातले ड जीवनसत्त्वाचे प्रमाण मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता मानतात. विषबाधा बहुधा १५० च्या वर दिसते.

मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार, क्षय किंवा सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) असणाऱ्यांनी, तसेच डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) वा थायाझाइड गटातली लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

तान्ह्या बाळाला रोज ४०० एकके देतात. थेंबांच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४०० आणि ८०० अशा दोन्ही ताकदींच्या मिळतात. दुकानदाराने ४०० च्या जागी ८०० ची दिली, तर ड्रॉपर अर्धा मिलिलिटरच भरायचा.