थंडी पडली की स्ट्राइप्ड बास खाणं सोडतो?

दर शरदात फिरणारा निरोप असा: ‘पहिली कडक थंडी पडली, आता स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला समुद्री मासा) गळाला लागणार नाही.’ समज पटण्यासारखा आहे, कारण मासा थंड रक्ताचा. पण थंडी आपल्याला हवेत जाणवते आणि समुद्र हवेइतका पटकन गार होत नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर रात्री दव गोठतं, तरी पाणी १३–१४ अंश सेल्सिअस असू शकतं. साधारण १३ ते १८ अंशांत हा मासा जोरात खातो. उतरत्या पाऱ्याबरोबर मेनहेडन या छोट्या माशांचे, म्हणजे बासच्या खाद्याचे, थवे खाड्यांतून बाहेर पडून दक्षिणेकडे निघतात आणि बास त्यांच्या मागे. म्हणून तिथे नोव्हेंबर हा ऐन हंगाम!

खात्री करायची तर थर्मामीटर दोरीने मीटरभर खोल सोडा, तीन मिनिटं थांबा. भरती आणि ओहोटी, दोन्ही वेळा मोजा. उथळ खाडी आधी गार होते, म्हणून ओहोटीचं पाणी बहुधा थंड लागतं. अशा वेळी भरतीला गळ टाकून पाहा.

१० अंशांखाली मासा खरंच मंदावतो, पण उपाशी राहत नाही. आमिष लहान घ्या, रीळ अगदी सावकाश फिरवा. बरेचदा चूक होते ती ऑक्टोबरमधल्याच वेगाने रीळ फिरवत राहण्याची.