घाटात न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं का?

चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना किंवा अनमोडहून मोल्याला येताना गाडी न्यूट्रल करायची, म्हणजे पेट्रोल वाचतं, हा सल्ला गोव्यात अजून सर्रास दिला जातो. जुन्या, कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) गाड्यांत त्यात तथ्य होतं. गियरमध्ये इंजिन जोरात फिरलं की ते थोडंफार पेट्रोल ओढतच राही.

आताच्या इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे गाडीतला संगणक इंजेक्टरमधून पेट्रोल फवारतो, गणित उलटं आहे. गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जळतच राहतं. हलक्या, लांब उतारावर न्यूट्रलची गाडी पुढे जास्त घरंगळते, तिथे किंचित फायदा होईलही. पण घाटात आपण सारखा ब्रेक दाबतोच, मग वाचणार काय? उलट इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. पावसाळ्यात, धुक्यात, पुढे वळण असताना हा जिवाशी खेळ आहे. इंजिनच बंद करणं तर त्याहून वाईट: ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

मायलेज एका उतारावर कळत नाही. टाकी ऑटो-कटपर्यंत, म्हणजे पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. ४२० किलोमीटरला २४ लिटर लागले, तर मायलेज १७.५.