पहिला प्रश्न कसा विचारायचा?

‘लहान मुलं काहीही रचून सांगतात’ म्हणणारे जितके भेटतात, तितकेच ‘लहान मूल खोटं बोलूच शकत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो तेव्हा हे दोन्ही समज घातक ठरतात. मूल काय सांगेल, हे आपण कसं विचारतो यावर बरंच अवलंबून असतं. त्याचं कारण मेंदूत आहे.

घटनेतले चेहरे, आवाज, जागा, भीती हे सगळं मेंदूत विखुरलेलं असतं. मेंदूतलाच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांची मोट बांधतो आणि आठवताना घटना दर वेळी नव्यानं जुळवली जाते. २००० साली मेंदूशास्त्रज्ञ करीम नादेर, जोसेफ लडू आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधली भीतीची पक्की आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डला या भीतीशी निगडित भागात, आठवण पक्की व्हायला लागणारी प्रथिननिर्मिती रोखणारं औषध सोडलं. ती भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर ती जशीच्या तशी राहिली. म्हणजे पक्की झालेली आठवणही जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं.

‘हे मी पाहिलं की कुणी सांगितलं?’ हा हिशेब ठेवण्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो आणि तो भाग विशी उलटेपर्यंत घडत असतो. त्यामुळे प्रश्नातून आलेली माहिती आठवणीत मिसळली, तर मुलाला ती वेगळी काढणं अवघड जातं. १९९५ साली मानसशास्त्रज्ञ मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सॅम स्टोन नावाचा पाहुणा बालवर्गात दोन मिनिटं येऊन गेला, त्यानं कशालाही हात लावला नाही. पण काही मुलांना तो वेंधळा असल्याचं आधीच ऐकवलं होतं आणि नंतर आठवडेच्या आठवडे सूचक प्रश्न विचारले गेले. त्यांच्यातल्या तीन-चार वर्षांच्या ७२ टक्के मुलांनी त्यानं पुस्तक किंवा टेडी खराब केल्याचं सांगितलं. ती खोटं बोलत नव्हती. शाळकरी वयात हा धोका कमी होतो, संपत नाही.

आता वर्गात या. सुटी झाल्यावर एक मुलगी टेबलापाशी घुटमळते आणि म्हणते, “बाई, मला त्या काकांच्या गाडीत नाही बसायचं.” “काकांनी तुला हात लावला का?” असं विचारलं, की माणूस आणि कृती दोन्ही आपणच पुरवतो. “बरं. मला सगळं सांग,” एवढंच म्हणून थांबावं. अशा मोकळ्या प्रश्नाला मिळणारं उत्तर त्रोटक असतं, पण बहुधा अचूक असतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. म्हणून आधी बाई, मग मुख्याध्यापक, मग आणखी कुणी अशी उलटतपासणी नको. प्रशिक्षित व्यक्तीनं एकदाच नीट बोलावं.

‘डोळ्यांत बघितलं की मला खोटं कळतं’ हा दावाही सोडून द्यावा. शेकडो प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात माणसं ५४ टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणं उडवूनही ५० टक्के मिळतात.

“हे कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नये, कारण जबाबदार व्यक्तीला ते सांगावंच लागतं. आणि ती मुलगी गेल्यावर लगेच तारीख, वेळ आणि आपला प्रश्न यांसकट तिचेच शब्द लिहून काढावेत. ती ‘शूची जागा’ म्हणाली असेल, तर कागदावरही ‘शूची जागा’च.